गल्लीच्या तोंडावरचा ढीग

शेणापायी माझ्याइतका अपमान सोसलेला माणूस वसई तालुक्यात दुसरा नसेल. असलाच तर त्याने मला जरूर भेटावं. आम्ही दोघं थोडा वेळ नुसते गप्प बसू.

सुरुवात एका वांग्यावरून झाली. आमच्या गास गावातल्या घरी माझी थोरली बहीण प्रिस्काबाय आणि मेहुणे मेलरॉय जेवायला आले होते. दोघं राहतात गोखिवऱ्याला, सातव्या मजल्यावर. बायने भाजीतलं वांगं चमच्याने उलटंपालटं केलं आणि विचारलं, "हे विकतचं ना?"

"हो," मी म्हणालो.

"घरामागे एवढी वाडी पडलीय, आणि वांगं विकतचं?"

वाडी आम्हा दोघांच्या नावावर आहे. पापा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर ती आम्ही एका माणसाला कसायला दिली होती. त्याने वर्षानुवर्षं पांढऱ्या खताची पोती ओतून तिच्यातून होतं नव्हतं ते काढून घेतलं आणि तो निघून गेला. तेव्हापासून तिथे चार नारळ, एक चिकू आणि पुष्कळ गवत असा संसार होता. मी नुकताच विमा कंपनीतून निवृत्त झालो होतो. तिथे माझं काम लोकांचे क्लेम का मंजूर होणार नाहीत हे त्यांना सभ्य भाषेत कळवणं हे होतं. त्या कामात माणसाचा मातीशी संबंध येत नाही.

मेलरॉय तोंड पुसत म्हणाले, "शेजारच्या लग्नाच्या हॉलवाल्यांना पार्किंगला जागा हवीय. विकतच मागतायत. एरॉल, जिथे वांगं उगवत नाही तिथे निदान गाड्या तरी उभ्या राहतील."

ज्या वाडीत मी रांगलो तिथे कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेतेय हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझा तोल गेला. मी म्हणालो, "येत्या गुड फ्रायडेला तुम्ही क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला गावात याल ना? त्या दिवशी ताटातली प्रत्येक भाजी याच वाडीतली असेल. नसली, तर मी विक्रीला सही करतो."

बर्थाने, म्हणजे माझ्या बायकोने, हातातलं भाताचं पातेलं टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलं.

दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन वाडीत उतरलो. पहिला घाव घातला तर टण्ण आवाज आला. मला वाटलं खाली दगड असेल. दुसरीकडे घातला, तिथेही टण्ण. सगळी वाडीच दगड झाली होती. कुंपणापलीकडून सिप्रियन अंकल बघत होते. अंकल म्हणजे आमच्या गल्लीचे भाजीपाल्याचे शंकराचार्य म्हणा किंवा बिशप म्हणा, पण न विचारता ते सल्ला देत नाहीत आणि विचारल्यावर थांबत नाहीत.

"मातीच्या पोटात काही नाही रे," मी विचारल्यावर ते म्हणाले. "तू उपाशी माणसाला पळायला सांगतोयस. तिला खायला घाल. जनावराचं खत घाल."

कुठल्या जनावराचं, हे विचारण्याची चूक मी रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात केली. वसईच्या माणसाला राजकारणात मत नसेल, पण खतात आहे. क्लेमेंटीन आंटी आमच्या समोर राहतात, त्यांनी एके काळी बकऱ्या पाळल्या होत्या. त्यांच्या मते लेंडीखताला तोड नाही. कुणी म्हणालं गाईचं. कुणी अर्नाळ्याहून सुकी मासळी आणून पुरायला सांगितलं. दोन गृहस्थ डुकराच्या बाजूचे होते, पण ते दबक्या आवाजात बोलत होते. चर्चा इतकी रंगली की फादर पायऱ्यांवर येऊन उभे राहिले आणि आपल्या प्रवचनाचा एवढा परिणाम कशामुळे झाला ते ऐकू लागले.

मी सर्वांचं ऐकून घेतलं आणि यातलं काहीच केलं नाही. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने पूर्वेकडच्या एका पोल्ट्रीतून कोंबडीखताची पोती मागवली. कोंबडीखत सगळ्यांत जोरकस असतं हे मी मोबाईलवर वाचलं होतं. त्याच्या खालची ओळ वाचली नव्हती.

वांग्याची रोपं आणली, कशीबशी खड्डे करून लावली आणि प्रत्येकाच्या मुळाशी दोन्ही मुठी भरभरून ते खत घातलं.

"एरॉल, थोडं घाल," बर्था म्हणाली.

"थोडं थोडं करूनच आपला समाज मागे राहिला," मी म्हणालो.

आठवडाभरात ती रोपं कुणीतरी गरम इस्त्री फिरवावी तशी दिसू लागली. पानं तपकिरी, कडा कुरकुरीत. माश्या मात्र छान आल्या. त्या आधी वाडीत आल्या, मग घरात, मग त्यांना क्लेमेंटीन आंटींचं घर जास्त आवडलं. आंटींनी जेवणाच्या टेबलाला मच्छरदाणी लावली आणि ती खिडकीतून मला दिसेल अशा बेताने लावली.

सिप्रियन अंकल कुंपणाशी आले. "कोंबडीचं गरम असतं. ताजं कधी घालत नाहीत. मी सांगणारच होतो."

"कधी?"

"तू विचारल्यावर."

आता मात्र मी ठरवलं की शेणच. नालासोपाऱ्याच्या बाजूला एक तबेला आहे. तिथे जाऊन मी मालकाला म्हशींच्या शेणाबद्दल विचारलं. त्याने छातीला हात लावून सांगितलं, "साहब, एकदम ताज़ा भेजूँगा." ताजं हे विशेषण मासळीला, पावाला, भाजीला चांगलं. तेव्हा मी खूश झालो. मी म्हणालो, "एक गाडी पाठवा." गाडी म्हणजे माझ्या मनात छोटा टेम्पो होता. त्याच्या मनात डंपर होता. मराठी आणि हिंदी या दोन भगिनी भाषांत गैरसमज फार सहज होतात, कारण दोघींनाही आपण एकमेकींना कळतो असं वाटतं.

डंपर दुपारी आला. मी जेवून पडलो होतो. आमची गल्ली अरुंद. तिच्या तोंडाशी गावाचा जुना क्रूस आहे आणि बाजूला थोडी मोकळी जागा. ड्रायव्हरचा फोन आला, "गाडी आत नाही घुसत. काय करू?"

मी अर्धवट झोपेत म्हणालो, "क्रूसाजवळ टाक, मी आलो."

'टाक' म्हणजे गाडी तिथे लाव, असं आपण बोलतोच. ड्रायव्हर शब्दाचा पक्का होता. मी चपला घालून पोचेपर्यंत डंपर रिकामा होऊन वळला होता, आणि क्रूसाच्या बाजूला माझ्या उंचीचा, वाफाळता, हिरवट काळा डोंगर उभा होता.

तो दिवस ऑक्टोबरचा पहिला होता. ऑक्टोबर हा आमचा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा, महिना. रोज संध्याकाळी सगळी गल्ली त्याच क्रूसापाशी जमते.

त्या संध्याकाळी कुणीही मला एका शब्दाने बोललं नाही. आमची माणसं सभ्य आहेत. ती फक्त वाऱ्याची दिशा बघून उभी राहिली, आणि वारा फिरला की सगळ्या मेळाव्याने शिस्तीत बाजू बदलली. रोझरी इतक्या जलद म्हटलेली मी आजवर ऐकली नव्हती. शेवटी विनंत्या. क्लेमेंटीन आंटी पुढे होत्या. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "जे आपल्या शेजाऱ्यांचा विचार न करता वागतात त्यांना सुबुद्धी मिळावी, म्हणून आपण प्रार्थना करू या."

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळे एका आवाजात म्हणाले. मीही म्हणालो. गप्प राहिलो असतो तर संशय आला असता.

दुसऱ्या दिवशी माणसं लावून मी ढीग वाडीत नेणार होतो. पण सकाळीच एक गाडी येऊन थांबली आणि त्यातून हातमोजे घातलेले दोघे उतरले.

"जनावर कुठंय?" त्यातला मोठा म्हणाला.

"कुठलं जनावर?"

"मेलेलं."

मग उलगडा झाला. रात्रीतून कुणीतरी महापालिकेच्या मोबाईल ॲपवर तक्रार केली होती. त्या ॲपमध्ये खड्डे, दिवे, गटार, झाड, सगळ्याची सोय होती, शेणाची नव्हती. म्हणून तक्रारदाराने त्यातल्या त्यात जवळचं म्हणून 'मृत जनावर' निवडलं होतं.

"जनावर जिवंत आहे," मी म्हणालो. "नालासोपाऱ्याला आहे. हे फक्त त्याचं शेण."

तो माणूस कष्टी झाला. "मंग आमी उचलायचं काय? जनावर उचलल्याचा फोटो टाकल्याबिगर तक्रार बंद होत नाय."

"मग शेणच उचलून मी आत नेतो. प्रश्न मिटला."

"हात लावायचा नाय!" तो एकदम ओरडला. "तक्रार उघडी हाय. फोटोत ढीग हाय. उद्या मॅडम बघाया आल्या आनि ढीग नसला, तर आमी जनावर कुनाला इकलं असं इचारतील."

ते ढिगाचा आणखी एक फोटो घेऊन गेले. जाताना एकाने मला नमस्कार केला, मयताच्या घरी करतात तसा.

मॅडम आल्या त्या ऑक्टोबर अर्धा उलटल्यावर. महापालिकेच्या सफाई खात्याच्या संजना मॅडम, स्कूटरवरून, तोंडाला ओढणी. वागायला अतिशय चांगल्या. त्यांनी ढिगाभोवती एक फेरी मारली.

"ओला कचरा की सुका?"

"कचरा नाहीये, मॅडम. खत आहे."

"तक्रारीत आलाय म्हणजे कचराच. ओला की सुका?"

मी प्रामाणिक माणूस आहे. "वरून सुका, आतून ओला."

"म्हणजे वर्गीकरण न केलेला," त्या खिन्नपणे म्हणाल्या. "त्याला दंड असतो. पण तो मी लावू शकत नाही, कारण ही तक्रार मृत जनावरात आहे. आधी ती तिथून निघायला पाहिजे. त्यासाठी जनावर मेलेलं नाही असा काहीतरी पुरावा द्या."

मी स्वतः पेन्शनर आहे. येत्या नोव्हेंबरात मलाही हयातीचा दाखला द्यायचा होता, तेव्हा या मागणीत मला काही गैर वाटलं नाही. मी फक्त विचारलं, "कुठल्या म्हशीचा?"

"ज्यांचं आहे त्या सगळ्यांचा."

तबेलेवाल्याने आढेवेढे घेतले नाहीत. त्याने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात तो एकेका म्हशीचं नाव घेत होता आणि ती ती म्हैस कॅमेऱ्याकडे बघत होती. मी तो मॅडमना पाठवला. त्यांनी तो वर पाठवला. वर तो बराच काळ राहिला.

इकडे ढीग जागच्या जागी. वास मरावा म्हणून गल्लीने आपापल्या परीने उपाय सुरू केले. सिप्रियन अंकलनी चार घमेली माती त्याच्यावर पसरली. कुणी अंगणातला सुका पाला आणून टाकला, कुणी केळीची पानं आणि चिरलेले खांब. क्लेमेंटीन आंटी येता जाता त्याच्यावर बादलीभर पाणी मारत. माश्या बसू नयेत म्हणून, असं त्यांचं म्हणणं. मग एकाला वाटलं की खालचा भाग वर आणला तर लवकर सुकेल, त्याने फावड्याने तो उलटा केला. पुरावा हलवू नका म्हणून मी ओरडत राहिलो. पण पुरावा उलटा केल्याने हलत नाही असं गल्लीचं मत पडलं.

नाताळ आला. तरुण मंडळाला येशूजन्माचा गोठा करायला जागा नव्हती, कारण दर वर्षीच्या जागेवर मी होतो. म्हणजे माझा ढीग होता. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. ढिगावर पेंढा अंथरला, दिवे सोडले, वरच्या टोकाला मेंढपाळ बसवले आणि पायथ्याशी बाळ येशू. आमच्या चर्चच्या धर्मग्रामाच्या स्पर्धेत आमच्या गल्लीला बक्षीस मिळालं. परीक्षकांनी 'अस्सल वातावरण' असा खास उल्लेख केला. बक्षीस घ्यायला मंडळ स्टेजवर गेलं. मला कुणी बोलावलं नाही.

जानेवारीत संजना मॅडम पुन्हा आल्या. म्हशी जिवंत असल्याचं वर मान्य झालं होतं. आता तक्रार कचऱ्यात वर्ग करून दंड लावायचा एवढंच उरलं होतं. त्यांनी पेंढा बाजूला सारला, काडीने थोडं उकरलं, मग वाकून वास घेतला. ओढणी खाली आली. पुन्हा घेतला.

"शेण कुठाय?"

मीही वाकलो. शेण नव्हतंच. काळीभोर, भुसभुशीत, हातात घेतली तर बोटांतून गळणारी माती होती. पावसानंतरच्या वाडीसारखा वास येत होता. आत दोन जाडजूड गांडुळं होती, ती उजेड बघून वैतागली.

मॅडमनी तिथेच उभ्या उभ्या मोबाईलवर लिहिलं, 'तक्रारीत नमूद केलेली वस्तू जागेवर आढळली नाही.' तक्रार बंद झाली. मग त्या थोड्या घुटमळल्या. "माझ्या कुंड्यांना थोडं नेऊ का?"

मी आनंदाने पिशवी भरून दिली. ही माझी घोडचूक. स्कूटरच्या हुकाला लटकलेली ती पिशवी अख्ख्या गल्लीने बघितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घमेलं घेऊन बाहेर पडतो तो ढीग अर्धा. आणि क्लेमेंटीन आंटी, सकाळच्या मिस्सेची चांगली साडी नेसलेल्या, डोक्यावर पदर, दोन्ही हातांत बादल्या.

"आंटी, हे काय?"

"वास कमी करतेय," त्या म्हणाल्या.

"वास येतच नाहीये."

"बघ. म्हणजे उपयोग झाला."

पलीकडून सिप्रियन अंकल घमेलं भरत होते. मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"माझी माती होती त्यात," अंकल म्हणाले. "ती मी परत नेतोय."

"चार घमेली होती, अंकल!"

"चांगल्या संगतीत वाढली ती."

पाला ज्यांनी टाकला होता ते पाला न्यायला आले. केळीचे खांब ज्यांनी टाकले होते ते खांब. तीन महिने मला क्रूसापाशी मान खाली घालून उभं राहायला लावणारी माणसं आता माझ्या डोळ्यांदेखत माझा अपमान घमेल्याघमेल्याने घरी नेत होती. मी रिकामं घमेलं धरून उभा होतो. बर्थाने मात्र पदर खोचला, दोन पोती पसरली आणि उरलेल्या ढिगावर चक्क बसली.

"एरॉल," ती म्हणाली, "हे संपेपर्यंत मी उठणार नाही. तू भर."

मी भरलं. बर्था बसल्या जागी खाली खाली येत गेली, आणि दुपारी ती जमिनीला टेकली तेव्हा वाडीत काळी माती पसरली होती. ती मिसळायला मी कुदळ मारली. पहिले काही दिवस टण्ण आवाज आलाच, पण दबकत. पाणी दिलं, पुन्हा खणलं, पुन्हा दिलं. मग एका सकाळी कुदळ आत गेली आणि आवाज आला नाही. मी चुकून आपल्या पायावर मारली की काय म्हणून खाली बघितलं.

वांगी लावली, भेंडी, गवार, काकडी. कडेने दुधी आणि माठ. या खेपेला काही जळलं नाही. मार्चमध्ये वांगी अशी लागली की झाडांना काठ्यांचे आधार द्यावे लागले. मी रोज सकाळी उगाच वाडीत उभा राही. बर्था हाक मारी, तेव्हा "बघतोय" असं सांगे. काय बघतोय ते मलाही सांगता आलं नसतं. पण हॉलच्या बाजूने गाडीचा हॉर्न वाजला की मी वांग्यांच्या आणि त्या आवाजाच्या मध्ये जाऊन उभा राही, एवढं खरं.

गुड फ्रायडेला बाय आणि मेलरॉय आले. क्रूसाची वाट चालून, पाय धुऊन सगळे टेबलाशी बसले. उपवासाचा दिवस, एकच जेवण, तेही साधं. वांग्याची भाजी, गवार, भेंडी, दुधीची आमटी, काकडी, भात. क्लेमेंटीन आंटीही होत्या. त्या ताक द्यायला आल्या होत्या आणि बसल्या होत्या.

मेलरॉयनी प्रत्येक भाजीकडे बोट दाखवलं. "ही?" "वाडीतली." "ही?" "वाडीतली." मी दरवाजातून वाफे दाखवत होतो. मग त्यांचं बोट आमटीवर येऊन थांबलं. वर कोथिंबीर भुरभुरलेली होती.

"ही?"

मी बर्थाकडे बघितलं. बर्थाने छताकडे बघितलं. आमची कोथिंबीर उन्हाने बसली होती.

"ही... समोरून आणलीय," मी म्हणालो. "क्लेमेंटीन आंटींकडून."

मेलरॉय खुर्चीत मागे टेकले. "प्रत्येक भाजी म्हणाला होतास. शब्द शब्द आठवतो मला."

तीस वर्षं लोकांचे क्लेम मी याहून बारीक कारणांवर नाकारले होते. कायद्याने तो माणूस बरोबर होता. मी खिशातलं पेन चाचपलं.

क्लेमेंटीन आंटींनी ताकाचा पेला खाली ठेवला. "मेलरॉय," त्या म्हणाल्या, "कोथिंबीर माझी आहे. पण तिच्यात शेण एरॉलचं आहे. या गल्लीत आज ज्याच्या ज्याच्या ताटात हिरवं आहे, त्यात एरॉलचं शेण आहे."

हे वाक्य माझ्या बाजूचं होतं असं बर्था अजून सांगते.

मेलरॉय काही बोलणार तोच बायने हात पुढे केला. "बर्था, ते वांगं इकडे दे."

तिचं ताट रिकामं होतं. गुड फ्रायडेला दुसऱ्यांदा वाढून घेणारी प्रिस्काबाय मी जन्मात पाहिली नव्हती. लहानपणी याच दिवशी मी दुसरी पोळी घेतली म्हणून तिने पापांना सांगितलं होतं. तिने वांगं वाढून घेतलं, भात घेतला, सगळं शांतपणे संपवलं. मग मेलरॉयना म्हणाली, "हॉलवाल्यांना सांगा, दुसरीकडे बघा." आणि हात न धुता ती मागच्या दाराने वाडीत गेली. आम्ही सगळे दाराशी उभे राहून बघत होतो. तिने एका वाफ्याशी उकिडवं बसून माती चिमटीत घेतली, चुरली, आणि कुणाकडेही न बघता ओरडली, "एरॉल! दुधी इतक्या जवळ कुणी लावतं का रे?"

आता बाय दर रविवारी येते. मिस्सा झाली की चपला काढून थेट वाडीत. तिच्या मते झाडांची आळी मी चुकीची करतो, पाणी चुकीच्या वेळी घालतो, वांगी चुकीच्या दिवशी तोडतो. परवा तिने जाताना सिप्रियन अंकलना बाजूला घेऊन काहीतरी विचारलं. वाडी विकायची गोष्ट ती पुन्हा काढत नाही. मला वाडीतून काढायची काढते.